बारा नाणी, तीन खेपा, एक खोटं: तराजूच्या कोड्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या शनिवारच्या कोड्यांच्या वर्गात हे कोडं दरवर्षी येतं. मुलं ते घरी नेतात आणि रविवारी सकाळपासून पालकांचे फोन सुरू होतात. "बाई, पाच नाणी उरतात", "बाई, शेवटी दोघांत अडलोय", "बाई, उत्तर सांगू नका, फक्त पहिलं पाऊल बरोबर आहे का तेवढं सांगा." हा शेवटचा फोन मला सगळ्यांत आवडतो. गेल्या काही वर्षांत ज्या शंका पुन्हा पुन्हा आल्या, त्या इथे एकत्र केल्या आहेत. ज्यांनी अजून स्वतः प्रयत्न केलेला नाही, त्यांनी पहिले चार प्रश्न वाचावेत, मग थांबून कागद-पेन्सिल घ्यावी.

नेमकं कोडं काय आहे?

दिसायला अगदी सारखी बारा नाणी आहेत. अकरा खरी, एक खोटं. खोट्याचं वजन वेगळं आहे, पण ते जड आहे की हलकं, हे आपल्याला ठाऊक नाही. हाताशी दोन पारड्यांचा साधा तराजू आहे. वजनमापं नाहीत, म्हणजे नाण्यासमोर नाणीच ठेवायची. तीनदाच तोलायचं. तेवढ्यात खोटं नाणं कोणतं ते सांगायचं आणि ते जड आहे की हलकं तेही सांगायचं.

पूर्वी दुकानदार रुपया दगडावर वाजवून बघत. खणखणीत वाजला तर गल्ल्यात, बद्द वाजला तर परत. इथे ती सोय नाही. वाजवायचं नाही, चावायचं नाही, हातात घेऊन अंदाज करायचा नाही. बोलणार तो फक्त तराजू.

पुढे मी एकदा तोलण्याला 'खेप' म्हणणार आहे. पहिली खेप, दुसरी खेप, तिसरी खेप.

थेट बारावर उडी मारावी का?

नको. आधी तीन नाणी घ्या आणि असं ठरवा की खोटं आहे ते जडच आहे. एका खेपेत सापडतं का? एक नाणं डाव्या पारड्यात, एक उजव्या पारड्यात, तिसरं टेबलावर. डावं खाली गेलं तर डावं, उजवं खाली गेलं तर उजवं, आणि पारडी समान राहिली तर टेबलावरचं. ज्याला हात लावला नाही, ते नाणं पकडलं गेलं! सगळं कोडं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून इथे जरा रेंगाळा.

एका शनिवारी तिसरीतली एक मुलगी तराजू झाली होती. दोन्ही हात पसरून उभी. मी तिच्या डाव्या तळहातावर चार नाणी ठेवली, उजव्यावर चार, आणि म्हटलं, "समान." ती हात तसेच धरून टेबलाकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "मग ती बाहेर बसलीत त्यांच्यातच चोर आहे." तराजूकडे न बघता टेबलाकडे बघणं, हे मोठ्यांना शिकवायला मला अर्धा तास लागतो.

अर्धी-अर्धी वाटणी करत गेलं तर काय बिघडतं?

सगळ्यांना पहिल्यांदा हेच सुचतं. आठ नाण्यांत एक जड आहे असं सांगितलं की चार-चार, मग दोन-दोन, मग एक-एक. तीन खेपा लागतात आणि उत्तर बरोबर येतं. पण दोन खेपांतही येतं: तीन इकडे, तीन तिकडे, दोन बाहेर. पारडं झुकलं तर खालच्या तिघांत जड नाणं, आणि तिघांचा निकाल एका खेपेत लागतो हे वर पाहिलंच. समान राहिलं तर बाहेरच्या दोघांना समोरासमोर ठेवा.

अर्धी-अर्धी वाटणी केली की पारडी समान राहूच शकत नाहीत. तराजू तीन उत्तरं देऊ शकतो: डावं जड, उजवं जड, समान. त्यातलं एक आपण आधीच बंद करून टाकतो.

म्हणून तिनाचे गुणाकार पुढे येतात. खोटं जड आहे हे आधीच माहीत असेल तर एका खेपेत ३ नाणी, दोनांत ९, तीनांत २७, चारांत ८१. अकरा खेपांत १,७७,१४७. म्हणजे एक लाख नाण्यांच्या ढिगातलं एकच जड नाणं अकरा वेळा तोलून हुडकता येतं. मुलांना हा आकडा सांगितला की वर्गात एक क्षण शांतता पसरते. दर वेळी.

मग बारा नाण्यांचं एवढं अवघड का?

कारण खोटं जड की हलकं हे माहीत नाही. बारा नाणी आणि प्रत्येकाच्या दोन शक्यता, म्हणजे एकूण २४ शक्यता. तीन खेपांत तराजू ३ × ३ × ३ म्हणजे २७ प्रकारची उत्तरं देऊ शकतो. २४ ला २७ पुरतात, पण फक्त तीन शिल्लक. हात राखून खर्च करावा लागतो.

त्यातून एक पक्का हिशेब निघतो. पहिल्या खेपेनंतर दोन खेपा उरतात, म्हणजे ९ उत्तरं. तेव्हा पहिली खेप अशी हवी की काहीही निकाल लागला तरी ९ पेक्षा जास्त शक्यता उरू नयेत. दुसऱ्या खेपेनंतर ३ पेक्षा जास्त उरू नयेत. इथे थांबा आणि स्वतः करून बघा.

पहिल्या खेपेला चार-चारच का?

सहा-सहा ठेवली तर पारडं झुकणारच. खालच्या सहांपैकी एक जड किंवा वरच्या सहांपैकी एक हलकं, म्हणजे १२ शक्यता. नऊच्या वर गेलो. पाच-पाच ठेवली आणि झुकलं तर १०. तरीही जास्त. तीन-तीन ठेवली आणि समान राहिलं तर बाहेरची सहा संशयित, पुन्हा १२.

चार-चार ठेवा. झुकलं तर चार जडचे संशयित आणि चार हलक्याचे, एकूण ८. समान राहिलं तर बाहेरची चार, जड किंवा हलकी, पुन्हा ८. दोन्हीकडे नऊच्या आत. दुसरी कुठलीही सुरुवात चालत नाही.

पूर्ण उत्तर सांगाल का?

नाण्यांना १ ते १२ क्रमांक द्या. पहिली खेप: डावीकडे १, २, ३, ४ आणि उजवीकडे ५, ६, ७, ८.

समान राहिलं, तर १ ते ८ खरी ठरली. खोटं ९, १०, ११, १२ मध्ये. दुसऱ्या खेपेला ९, १०, ११ एका पारड्यात आणि दुसऱ्यात खात्रीची १, २, ३. पुन्हा समान आलं तर खोटं १२; तिसऱ्या खेपेला ते १ समोर ठेवून जड-हलकं बघून घ्या. ९-१०-११ चं पारडं खाली गेलं तर त्या तिघांत जड आहे, वर गेलं तर हलकं आहे. तिसऱ्या खेपेला ९ समोर १०. पुढचं तुम्हीच सांगाल.

आता खरी मेख. समजा पहिल्याच खेपेला डावं पारडं खाली गेलं. म्हणजे ९ ते १२ खरी आहेत. १, २, ३, ४ यांच्यावर जड असल्याचा संशय आणि ५, ६, ७, ८ यांच्यावर हलकं असल्याचा संशय. हे दोन संशय वेगळे आहेत. मी मुलांना चारांवर लाल ठिपका आणि चारांवर निळा ठिपका द्यायला सांगते. लाल नाणं खोटं असलंच तर जडच असणार, निळं खोटं असलंच तर हलकंच असणार. पहिल्या खेपेने हे आपल्याला दिलेलं आहे आणि पुढे यातला कण वाया घालवायचा नाही.

दुसरी खेप: डावीकडे १, २, ५ आणि उजवीकडे ३, ४, ६. बाहेर ७ आणि ८.

डावं खाली गेलं तर? डावीकडच्या लालांपैकी एखादं जड असेल, म्हणजे १ किंवा २. नाहीतर उजवीकडचं निळं हलकं असेल, म्हणजे ६. डावीकडचं ५ मात्र सुटलं, कारण ते हलकं असतं तर डावं पारडं वर गेलं असतं. तीनच उरले. तिसऱ्या खेपेला १ समोर २: जे खाली जाईल ते जड खोटं, समान राहिलं तर ६ हलकं.

उजवं खाली गेलं तर हेच उलट. ३, ४ जड किंवा ५ हलकं. तिसऱ्या खेपेला ३ समोर ४.

समान राहिलं तर बाहेरच्या ७ आणि ८ पैकी एक हलकं. दोघांना समोरासमोर ठेवा, जे वर जाईल ते खोटं.

आणि पहिल्या खेपेला उजवं पारडं खाली गेलं असेल, तर लाल-निळे ठिपके अदलाबदल करा. बाकी सगळं तसंच.

आमचं नेहमी दुसऱ्या खेपेला अडतं. चूक कुठे होते?

नव्वद टक्के फोन याच जागेवरचे. पारडं झुकल्यावर लोक १, २ समोर ३, ४ ठेवतात. "जड यांच्यातच असेल ना, मग यांनाच आधी बघू." झुकलं तर काम होतं. पण समान राहिलं, की ५, ६, ७, ८ अशी चार हलक्याची संशयित उरतात आणि खेप एकच. एका खेपेत तीनच उत्तरं, चौघांचा निकाल लागत नाही. इथे हात टेकावे लागतात.

उपाय एकच: दुसऱ्या खेपेत लाल आणि निळी नाणी एकाच पारड्यात मिसळा. हे मनाला पटत नाही, कारण आत्ताच तर आपण त्यांना वेगळं केलं! पण ठिपके नाण्यांवर आहेत, पारड्यांवर नाहीत. नाणं कुठेही गेलं तरी त्याचा संशय त्याच्याबरोबरच जातो.

स्वतःची खेप तपासायची सोपी कसोटी सांगते. तोलण्याआधी विचारा: "निकाल काय लागेल हे मला आधी सांगता येईल का?" येत असेल तर ती खेप वाया. तिन्ही निकाल सारखेच शक्य वाटत असतील तर खेप चांगली.

आधीचा निकाल न बघता तिन्ही खेपा ठरवून ठेवता येतात का?

येतात, आणि मला या कोड्यातली ही सगळ्यांत सुंदर गोष्ट वाटते. वरच्या पद्धतीत दुसरी खेप पहिलीच्या निकालावर अवलंबून होती. पण तिन्ही खेपांची मांडणी आधीच कागदावर लिहून, कुणा दुसऱ्याला तोलायला पाठवून, त्याने फोनवर तीन निकाल सांगितले तरी खोटं नाणं ओळखता येतं.

इंग्रजीत यासाठी अक्षरांची युक्ती जुनी आहे. केंब्रिजच्या चार गणितज्ञांनी मिळून घेतलेल्या ब्लांश देकार्त या टोपणनावाने लिहिलेल्या एका कवितेतून ती पसरली. पण आपल्या मुलांना इंग्रजी शब्द पाठ करायला लावणं माझ्या जिवावर आलं, म्हणून एका मे महिन्यात मी मराठी शब्द जुळवत बसले. बारा वेगवेगळी व्यंजनं हवीत, चार-चार व्यंजनांचे सहा शब्द हवेत, आणि कोणत्याही दोन नाण्यांचा प्रवास सारखा किंवा नेमका उलटा असता कामा नये. शेवटी हे जमलं.

नाण्यांवर ही बारा अक्षरं लिहा: क, ज, त, द, न, म, य, र, ल, व, स, ळ. काना, मात्रा, वेलांट्या सोडून द्यायच्या, फक्त अक्षर बघायचं.

पहिली खेप: डावीकडे मतदार, उजवीकडे नियोजक.
दुसरी खेप: डावीकडे कलदार, उजवीकडे वनमाळी.
तिसरी खेप: डावीकडे जातकुळी, उजवीकडे नवरस.

'कलदार' म्हणजे टांकसाळीत यंत्रावर पाडलेला रुपया. नाण्याच्या कोड्यात तो आपल्या पायांनी चालत आला, याचा मला फार आनंद झाला.

आता निकाल वाचायचा कसा? समजा पहिल्या खेपेला उजवं खाली, दुसऱ्याला डावं खाली, तिसऱ्याला डावं खाली. तिन्ही वेळा खालच्या पारड्यात असलेलं अक्षर शोधा: नियोजक, कलदार, जातकुळी. तिन्हींत 'क' आहे. म्हणजे 'क' जड. नेमके उलटे निकाल आले असते, म्हणजे डावं, उजवं, उजवं, तर 'क' तिन्ही वेळा वरच्या पारड्यात, म्हणून हलकं. एखादी खेप समान आली तर खोटं नाणं त्या खेपेत बाहेर होतं. उदाहरणार्थ डावं, समान, डावं: 'मतदार' आणि 'जातकुळी' या दोन्हींत आहे आणि मधल्या खेपेत नाही असं अक्षर एकच, 'त'. तेव्हा 'त' जड.

दोन निकाल या मांडणीत कधीच येऊ शकत नाहीत: डावं-उजवं-डावं आणि उजवं-डावं-उजवं. तसं आलं तर तोलण्यात किंवा लिहिण्यात चूक झाली आहे, पुन्हा करा. आणि तिन्ही वेळा समान आलं तर बाराही नाणी खरी.

तेरा नाणी असतील तर?

तेरा नाण्यांच्या २६ शक्यता. २७ मध्ये बसायला हव्यात, नाही का? पण बसत नाहीत. पहिल्या खेपेला चार-चार ठेवली तर बाहेर पाच, म्हणजे १० शक्यता. पाच-पाच ठेवली तर झुकल्यावर १०. नऊच्या आत यायला मधली वाटच नाही, कारण दोन्ही पारड्यांत सारखीच नाणी ठेवावी लागतात.

मात्र मागणी थोडी कमी केली, म्हणजे "खोटं कोणतं तेवढं सांगा, जड-हलकं नाही सांगितलं तरी चालेल", तर तेरा जमतात. चार-चार समान आल्यावर बाहेरची पाच: ९ आणि १० समोर ११ आणि एक खात्रीचं. झुकलं तर तिसऱ्या खेपेला ९ समोर १०. समान राहिलं तर १२ ला खात्रीच्या नाण्यासमोर ठेवा. तेही समान आलं तर खोटं १३, पण ते जड की हलकं हे कळणार नाही, कारण ते एकदाही पारड्यात चढलेलं नाही.

आणि तेरांबरोबर एक खात्रीचं खरं नाणं वेगळं दिलं, तर तीन खेपांत जड-हलक्यासकट पूर्ण उत्तर येतं. पहिल्या खेपेला पाच संशयितांसमोर चार संशयित आणि ते खात्रीचं. झुकलं तर ९ शक्यता, समान राहिलं तर ८. एका खऱ्या नाण्याची सोबत किती कामाची असते ते इथे दिसतं.

हे कोडं आलं कुठून?

छापील रूपात ते दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस दिसतं. १९४५ च्या जानेवारीत 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली' या मासिकात ई. डी. शेल यांनी आठ नाण्यांत हलकं शोधण्याचं, दोन खेपांचं कोडं दिलं. त्याच वर्षी इंग्लंडच्या 'मॅथेमॅटिकल गॅझेट'मध्ये जड-हलकं माहीत नसलेल्या नाण्याची चर्चा सुरू झाली आणि १९४६ मध्ये फ्रीमन डायसन यांनी कितीही खेपांसाठीचं उत्तर तिथेच मांडलं. पुढे ते नामवंत भौतिकशास्त्रज्ञ झाले, तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचे होते. त्यांच्या उत्तराप्रमाणे दोन खेपांत ३ नाणी, तीन खेपांत १२, चार खेपांत ३९, पाच खेपांत १२०. खेपा जितक्या, तितके तीन एकमेकांशी गुणा, त्यातून ३ वजा करा आणि निम्मे करा.

युद्धकाळात या कोड्याने शास्त्रज्ञांचा इतका वेळ खाल्ला की ते विमानातून शत्रूच्या मुलखात टाकावं असं गमतीने म्हटलं जाई, अशी आठवण सांगतात.

चाळीस किलोच्या दगडाच्या कोड्याशी याचं नातं आहे का?

सख्खं नातं. दुकानदाराचा ४० किलोचा दगड पडून त्याचे चार तुकडे होतात आणि त्या चार तुकड्यांनी १ ते ४० किलोपर्यंतचं कुठलंही पूर्ण वजन तोलता येतं, तर तुकडे किती किलोंचे? उत्तर १, ३, ९, २७. फिबोनाचीच्या १२०२ सालच्या ग्रंथात या वजनांचा प्रश्न येतो, आणि १६१२ मध्ये बाशे या फ्रेंच गणितज्ञाने तो पुन्हा प्रसिद्ध केला. ५ किलो तोलायचे तर ९ एका पारड्यात, आणि मालाबरोबर ३ व १ दुसऱ्या पारड्यात. तिथेही प्रत्येक वजनाच्या तीनच जागा असतात: डावीकडे, उजवीकडे, बाहेर.

इलेक्ट्रॉनिक काटा वापरला तर सोपं होईल ना?

तो काटा आकडा सांगतो, त्यामुळे कोडंच बदलतं. त्याचं प्रसिद्ध रूप असं: दहा पिशव्या, नऊ पिशव्यांतली नाणी १० ग्रॅमची, एका पिशवीतली सगळी ९ ग्रॅमची. एकदाच वजन करून पिशवी ओळखा. पहिल्या पिशवीतून १ नाणं घ्या, दुसरीतून २, असं करत दहावीतून १०. एकूण ५५ नाणी, सगळी खरी असती तर ५५० ग्रॅम. जितके ग्रॅम कमी भरतील तितक्या क्रमांकाची पिशवी खोटी. ५४३ भरले तर सातवी.

खोट्या पिशव्या एकाहून जास्त असू शकतील तर १, २, ४, ८ अशी दुपटीने नाणी घ्या. दहा पिशव्यांना १०२३ नाणी लागतील, पण एका वजनात सगळ्या खोट्या पिशव्या उघड्या पडतील.

तराजूच खोटा असेल तर?

एका किराणा दुकानदार पालकांनी हा प्रश्न विचारला, आणि तो फार मोलाचा होता. रिकामी पारडी समान नसतील तर हलक्या बाजूला खडा किंवा पत्र्याचा तुकडा बांधतात, त्याला पासंग म्हणतात. 'अमक्याच्या पासंगालाही पुरणार नाही' हे आपण रोज म्हणतो, ते यातूनच आलं. तेव्हा आधी रिकामा तराजू बघा आणि पासंग लावून घ्या. कोड्याच्या नियमांत ती खेप धरत नाहीत. दांडीच्या दोन बाजूंची लांबी कमी-जास्त असेल तर मात्र पासंगाने भागत नाही. माल एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ठेवून तोलावं लागतं, आणि इथे तेवढ्या खेपा नाहीत. म्हणून कोड्यातला तराजू निर्दोष मानायचा.

याचा व्यवहारात उपयोग काय?

मुलाखतींत आणि स्पर्धा परीक्षांत विचारतात, हा एक उपयोग. पण मला दुसरा महत्त्वाचा वाटतो. पुष्कळांमधून थोडे दोषी शोधायचे तर एकेकाला तपासण्याऐवजी गट करून तपासायचं, हा विचार १९४३ मध्ये रॉबर्ट डॉर्फमन यांनी अमेरिकी सैन्यभरतीतल्या उपदंशाच्या रक्तचाचणीसाठी मांडला. अनेकांच्या रक्ताचे थेंब एकत्र करून एकच चाचणी. ती निर्दोष निघाली तर सगळे सुटले. २०२० च्या एप्रिलमध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने करोनासाठी अशाच एकत्रित चाचणीची मुभा दिली होती, एका वेळी जास्तीत जास्त पाच नमुने. चाचणी संच तुटपुंजे असताना हे किती मोठं होतं, ते तेव्हा रांगेत उभं राहिलेल्यांना सांगायला नको.

दोन्हीकडे हिशेबाचा गाभा एकच आहे. तपासणी महाग असेल तर प्रत्येक तपासणीतून जास्तीत जास्त कळलं पाहिजे. फरक इतकाच की रक्ताची चाचणी दोनच उत्तरं देते आणि तराजू तीन.

घरी सराव कसा करायचा?

खऱ्या रुपयांनी करू नका. मी सुरुवातीला तसंच केलं होतं आणि वर्गातल्या मुलांची उत्तरं चुकत गेली. नंतर लक्षात आलं, सगळे रुपये खरेच होते, फक्त वेगवेगळ्या वर्षांचे. १९९२ पासून आलेला स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅमचा, २०११ च्या मालिकेतला ३.७९ चा, २०१९ च्या मालिकेतला ३.०९ चा. मूठभर चिल्लरमध्ये अर्धी 'खोटी' निघतात.

त्याऐवजी काडेपेटीच्या बारा रिकाम्या पेट्या घ्या. प्रत्येकीत एकाच मालिकेचा एकेक रुपया चिकटपट्टीने बसवा. एकीत दोन बसवले की ती जड, एकीत एकही नाही बसवला की ती हलकी. कपड्यांच्या हँगरच्या दोन टोकांना दोऱ्याने दोन सारख्या टोपल्या बांधा आणि हँगर खिळ्याला मोकळा लटकवा. पेट्यांच्या स्वतःच्या वजनात थोडा फरक असतोच, म्हणून किंचित कलला तर समान धरा. रुपयाचा फरक लगेच कळतो.

हेही नको असेल तर पत्ते काढा. एका रंगाचे एक्का ते राणी, बरोबर बारा. राजा बाजूला. एकाने मनात एक पत्ता धरायचा, तो जड की हलका हेही ठरवायचं, चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी वाटीखाली ठेवायची. मग तोच तराजू. दुसऱ्याने पत्ते मांडायचे, तराजूने "डावं", "उजवं" किंवा "समान" म्हणायचं. लांबच्या प्रवासात रेल्वेच्या बर्थवर हा खेळ छान रंगतो. चिठ्ठी मात्र आठवणीने लिहून घ्या, कारण मनातला पत्ता तिसऱ्या खेपेपर्यंत बदलतो, असा माझा अनुभव आहे.

बारा झाली. पुढे काय करू?

३९ नाणी, चार खेपा. एवढंच सांगते: पहिल्या खेपेला तेरा-तेरा ठेवा आणि तेरा बाहेर. झुकलं तर तेरा लाल, तेरा निळी, म्हणजे २६ शक्यता आणि तीन खेपांची २७ उत्तरं. दुसऱ्या खेपेला प्रत्येक पारड्यात पाच लाल आणि चार निळी, बाकीची आठ बाहेर. आणि पहिल्या खेपेला समान राहिलं तर? समोर तेरा संशयित, हाताशी खात्रीची नाणी, आणि खेपा तीन. तेरा नाण्यांच्या प्रश्नाचं उत्तर वर पुन्हा एकदा वाचा.